पूल म्हणावं की रपटा

तिसऱ्यांदा कुणीतरी नकाशात नाल्यावरच्या रपट्याचा पूल केला होता.

प्रतिभानं मोबाईल सासूपुढे धरला. "बघा, पुन्हा! सगळ्यांनी मिळून बनवायचा नकाशा आहे म्हणून काय वाट्टेल ते लिहायचं?"

"लिहू दे ना," चंद्रभागाबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "सरकारनं तं बांधला नाई, मोबाईलात तरी होऊन राह्यला पूल."

प्रतिभाला हसू आलं नाही. जूनपासून भीमपूरच्या शाळेची व्हॅन नागोराव चालवत होता. नवा माणूस, नेरडीगोंड्याकडचा. स्टेअरिंगपुढे मोबाईल कायम अडकवलेला. नकाशानं पूल म्हटलं की हा भर पाण्यात गाडी घालणार, आणि आत तिची मीनल. पाच वर्षांची.

नकाशा बदलणारा हैदराबादचा कुणी होता. "खाली सिमेंटच्या नळ्या, वर रस्ता. मग पूलच की," त्यानं लिहिलं.

"नाल्याला पाणी आलं की ते रस्त्यावरूनच वाहतं," प्रतिभानं उत्तर दिलं. "नळ्या दिसतसुद्धा नाहीत." सोबत गेल्या श्रावणातला फोटो.

दोन दिवस वाद चालला. शेवटी तोच नरमला. नकाशाच्या पुलांच्या यादीतला एक क्वचित वापरातला प्रकार त्यानंच शोधून दिला : पाण्याखाली जाणारा पूल. त्याखाली प्रतिभानं इशारा टाकला : पाणी असताना बंद, हायवेनं जावे.

शुक्रवारी दुपारी नाला फुगला. प्रतिभा रोजच्यासारखी गावाकडच्या काठावर जाऊन उभी राहिली. पलीकडे व्हॅन आली. थांबली. मागे वळू लागली.

तिचा जीव भांड्यात पडला. दिसला म्हणायचा इशारा! काचेत मीनलचा चेहरा दिसला तशी ती हसली, हात उंच करून हलवला.

व्हॅन थबकली. मग सरळ पाण्यात उतरली.

मध्यावर मागची बाजू हातभर सरकली. प्रतिभा पाण्यापर्यंत धावली. कशीबशी व्हॅन अलीकडे लागली. तिनं दार ओढून मीनलला छातीशी धरलं.

"नकाशात बंद लिहिलंय ना? डोळे फुटले होते काय तुमचे?"

नागोराव कपाळाचा घाम पुसत होता. "नकाशा कोन पायते, ताई? मोबाईलात म्या गाणे लावतो. रपट्यावर पानी असलं का आमी डायवर लोक पलीकडं गावचं मानूस पायतो. त्यानं हात केला तं गाडी टाकायची, नाई तं फिरायचं. म्या तं फिरलोच होतो. तुमीच बलावलं."