खिळा न ठोकलेलं घर

"एप्रिलात पाणी जाते," दिवाकरराव म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो."

दारातल्या जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. नवरा शिशिर, रायपूरच्या एका नव्या खात्यात कारकून. बायको गंधाली, सातवा महिना लागलेली. रविवार गाठून दोघं छोट्या लाईनच्या, नॅरोगेज गाडीने अभनपूरला घर पाहायला आले होते.

"चालेल काका," गंधाली म्हणाली. "आत येऊन पाहू?"

या महिन्यात आलेलं हे सहावं बिऱ्हाड. रायपूर ही नव्या राज्याची राजधानी झाली आणि शंकर नगर, समता कॉलोनीतली भाडी साध्या नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली. मग अभनपूरला भाव आला. आधीच्या पाचांना दिवाकररावांनी शिताफीने वाटेला लावलं होतं. एकाला छत गळतं म्हणून सांगितलं, दुसऱ्याला परसात साप निघतो म्हणून. माणूस मुळात थापा मारण्यात कच्चा, पण साठी उलटल्यावर हात बसला.

बत्तीस वर्षं काढलेल्या या घरात दुसऱ्या कोणाचा संसार थाटलेला त्यांना बघवणार नव्हता. महिना कसाबसा निभावला होता. हे दोघंही परत गेले की पुढचं पुढे.

"भिंती किती छान ठेवल्यात," गंधाली म्हणाली. "एक खिळा नाही कुठं."

"ह्यांनी ठोकू दिला असता तर!" पद्मिनीबाई आतून हसत आल्या. "कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाले बांधतो आम्ही. बस पोरी, उभी काहून राहिली?"

गंधाली बसली आणि बसल्या बसल्या तिने सगळं सांगून टाकलं. शंकर नगरातल्या मालकाला त्यांची जागा कोण्या साहेबाला द्यायची होती. महिनाअखेरपर्यंत मुदत. चौदा घरं पाहून झाली. कुठे भाडं झेपेना, कुठे पोट पाहूनच लोक नको म्हणत.

"माहेर?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"आई नाही. बाबा असतात भावाकडे, दोन खोल्यांत."

"काका, हम लोग बहुत परेशान हो गए हैं," शिशिर म्हणाला. त्याला मराठी सगळं कळे, बोलताना मात्र हिंदीच तोंडात येई.

दिवाकररावांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटून घर हातचं घालवायचं का? ते शिशिरला घेऊन परसात गेले. साप काढायचा तर इथेच काढायला हवा होता.

आणि तिथे पेरूच्या झाडाखाली त्यांची गाडी रुळावरून घसरली. हे झाड त्यांनी पहिल्या पावसाळ्यात लावलं होतं. लेक शर्मिष्ठा सायकल शिकताना रोज त्यालाच धडकायची. रायपूरच्या कचेरीतून ते संध्याकाळच्या गाडीने यायचे, आणि ती गाडी अशी की लोक चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढत. लांबून शिट्टी ऐकू आली की पद्मिनी चहा टाकायची. दाराशी चपला काढेपर्यंत कप हातात. ते दिवस सुखाचे होते आणि तेव्हा ते कळलं नव्हतं. हे सगळं ते त्या परक्या पोराला सांगत बसले. साप राहिलाच.

आत आले तर पद्मिनीबाई गंधालीची ओटी भरत होत्या. तांदूळ, नारळ, नवं खणाचं कापड. पोरीचे डोळे भरून आले होते.

दिवाकररावांनी घसा खाकरला. "पाण्याचं मी सांगितलंच. परसात जनावरंही..."

"अहो," पद्मिनीबाई मान वर न करता म्हणाल्या, "आपली विहीर कधी आटली?"

"पद्मिनी..."

"ओटी भरली मी तिची. आता खोटं सांगून तिले या घरातून काढू नका. माह्यानं पाहवणार नाही."

दिवाकररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"पाणी बारा महिने असते," ते म्हणाले. "छत गळत नाही. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेले आहे, बाळाले कोवळं ऊन मिळते. सामान कधी आणता?"

शिशिर पाया पडायला वाकला. "और किराया, काका?"

"ते सदर बाजारातल्या हिरालालजींसंगं बोला. देण्याघेण्याचं तेच पाहतात. वाजवी घेतील. दोघं एकदमच जा, तुमची हालत पाहतील तर जास्त ताणणार नाहीत."

दारातून निघताना गंधालीने पद्मिनीबाईंचा हात धरला. "मावशी, तुम्ही इथेच, मागच्या एखाद्या खोलीत राहाल ना? बाळंतपणात मोठं माणूस जवळ असलं तर मले धीर येईल."

"येईन मी. बोलावशील तेव्हा येईन," पद्मिनीबाई म्हणाल्या. "आता जा लवकर, गाडी चुकेल."

दोघं दिसेनाशी होईपर्यंत त्या फाटकाशी उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी सांडलेले तांदूळ वेचले. दिवाकररावांनी टोपी घातली आणि ते स्टेशनाजवळच्या एसटीडी बूथवर गेले. नंबर पाठ होता.

"हिरालालजी, दिवाकर बोल रहा हूँ, अभनपुर से," ते म्हणाले. "आप बोले थे ना, नया किराएदार मिलने तक पुराने किराए पर रह लो और आनेवालों को मकान दिखाते रहो. मिल गए, सेठजी. भले लोग हैं. पहली तारीख को हम दोनों आपका मकान खाली कर देंगे."