साडेएकोणसाठ

“बाबा, सतरा नंबर आणि त्र्याण्णव नंबर, हा एकच फोटो आहे.”

परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला. मुलीने दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. तोच जिना, अगदी उजव्या कडेला दम खात उभा असलेला तोच म्हातारा. डावीकडे नुसती भिंत. पहिला फोटो पोचला नसेल या भीतीने पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवला असणार आणि फोटोग्राफी शिकवणाऱ्या संस्थेतल्या कारकुनाने दोन्हींच्या पाठीवर वेगवेगळे नंबर चिकटवले असणार. यंदाच्या एकशे चाळीस फोटोंत जिनेच बावीस होते. कुणाच्या लक्षात येणार?

घोळ तेवढाच असता तर हसून सोडून देता आला असता. पण परीक्षकांचं अक्षर म्हणजे कुत्र्यामांजरांचे पाय, त्यामुळे शेरे तक्त्यात उतरवण्याचं काम मुलीकडे होतं. तिने दोन्ही शेरे मोठ्याने वाचले.

“सतरा, काल सकाळी. डावीकडची भिंत वाया गेली आहे. माणूस कडेला ढकलल्यासारखा वाटतो. एकेचाळीस.” ती जरा थांबली. “त्र्याण्णव, आज दुपारी. डावीकडची रिकामी भिंत हाच या फोटोचा जीव. माणूस कडेला आहे म्हणूनच त्याचा थकवा जाणवतो. अठ्ठ्याहत्तर.”

परीक्षकांनी कागद ओढून घेतले आणि स्वतः वाचले. दोन्ही शेरे त्यांना तंतोतंत पटले. पंचाईत झाली ती तिथेच.

तीस वर्षं ते परीक्षक होते. आपली आवडनिवड छत्रीबरोबर दाराबाहेर ठेवून आत यायचं, असं ते नव्या परीक्षकांना बजावत. प्रकाश, मांडणी, स्पष्टता, आशय, असे पंचवीस पंचवीस गुणांचे चार रकाने. ‘आवडला’ असा पाचवा रकाना नाही. आवड आणि गुण यांचा छत्तीसचा आकडा.

तक्ता न्यायला सहा वाजता माणूस येणार होता. साठ गुण पडले तर फोटो काढणाऱ्याला संस्थेत वर्षभर फुकट शिकायला मिळणार, नाहीतर नाही. मुलीने दोन्ही आकड्यांची सरासरी काढली.

“साडेएकोणसाठ.”

परीक्षकांनी कपाळावर हात मारला. फोटो खिडकीशी नेला, उलटा धरला, एक डोळा मिटून पाहिला. काल आपण भुकेले होतो का? की आज जेवणानंतर डुलकी लागली होती, म्हणून? घटकेत भिंत वाया गेलेली दिसे, घटकेत जिवंत. त्यांना काही म्हणजे काही कळेना.

“अहो, तुम्हाला आवडलाय का तो? तेवढं सांगा आणि मोकळे व्हा!” आतून बायको ओरडली.

“आवडण्याचा इथे संबंधच नाही!” ते खेकसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की तेसुद्धा आपल्याला सांगता येत नाहीये. त्यांना चक्क भीती वाटली.

मुलगी हे सगळं पाहत होती. एकोणिसाव्या वर्षी याच संस्थेत अर्ज करायच्या आधी तिने आपले बारा फोटो त्यांच्यापुढे ठेवले होते. बापाची माया आड येऊ न देता त्यांनी चारही रकाने भरले. बेरीज त्रेचाळीस. तिने अर्ज केलाच नाही. कॅमेरा मावसभावाला देऊन टाकला आणि विम्याच्या कचेरीत चिकटली. खूप रडली, पण राग धरला नाही. आमचे बाबा तोंड पाहून गुण देत नाहीत, हे ती अजूनही चारचौघांत अभिमानाने सांगे.

आता तिने त्यांना न विचारताच तक्त्यात साठ लिहिले. अर्ध्या गुणासाठी भांडणाऱ्या बाबांनी ते पाहिलं आणि मुकाट्याने मान डोलावली.

तिने पेन खाली ठेवलं.

“बाबा, माझे फोटो तुम्ही कधी पाहिले होते? सकाळी, की दुपारी?”

“आता कुठलं आठवायला! बारा वर्षं झाली त्याला.”

पण त्यांना चांगलं आठवत होतं. त्या दिवशी पहाटेपासून त्यांची दाढ ठणकत होती.