शेंड्यावरची टोपी

गव्हाच्या कोंबात उजेड कुठून येतोय हे फक्त शेंड्याला कळतं. शेंड्यावर फॉइलची इवलीशी टोपी घातली, की कोंब दिव्याकडे वळायचं विसरतो. प्रयोगशाळेत हे नाजूक काम ताईंचं. त्यांच्या हातून कोंब कधी मोडला नाही.

स्वतःच्या सत्काराच्या भाषणात प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणालेही, "आमच्या ताईंइतक्या सफाईने टोपी घालणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही!" सभागृह खो खो हसलं. ताईही हसल्या. मग पडद्यावर ताईंचा प्रयोग झळकला. खाली नाव सरांचं होतं, आणि प्रयोगशाळेची पायरीही न चढलेल्या त्यांच्या जावयाचं.

परत आल्यावर नवी संशोधक मुलगी तणतणली, "इतकी वर्षं तुम्हाला साधा संशयसुद्धा आला नाही, ताई?"

"कसा येणार? सर कौतुक करायचे, पगार वाढायचा." ताईंनी चिमट्याने पुढच्या कोंबावर टोपी बसवली. "टोपी घातली म्हणून वाढ थांबत नाही गं. कोंब सरळ वाढत राहतो. त्याला वाटतं, आपलं झकास चाललंय."

"मी नाही बाई फसणार. मी सरांना तोंडावर विचारलं. म्हणाले, पुढचा पेपर तुझ्याच नावावर."

ताईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"छान बसलीये," त्या हळूच म्हणाल्या.

मुलगी वाकून कोंबाकडे बघू लागली.