वाकडं नाक

रांग चर्चच्या दारापासून थेट फुलवाल्याच्या टपरीपर्यंत गेलेली, आणि ती आपल्या मुलासाठी आहे हे कळल्यावर म्हातारी हरखूनच गेली. "एवढी माणसं?" तिने लेकीला विचारलं. लेक हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सकाळपासून सहलीच्या बसने त्यांना दोन चर्च आणि एक युद्धस्मारक दाखवून झालं होतं. रंगीत काचा, थडगी, कुणा सेनापतीचा घोडा. म्हातारीचे दोन्ही डोळे गेलेले, तिला त्यातलं काही दिसलं नाही, पण तिने कुरकुरही केली नाही. ती बसमध्ये चढली होती ती या तिसऱ्या चर्चसाठी. याच्या घुमटाला आग लागली तेव्हा बंबावरची सहा माणसं आत गेली ती गेलीच. त्यांचे पितळी चेहरे बाहेरच्या भिंतीवर ओळीने बसवलेत, डावीकडून तिसरा तिचा. बसवले त्या दिवशी तिला चांगलं दिसत होतं, तरी तिने आधी हातच फिरवला होता आणि कारागिराला म्हणाली होती, नाक अगदी बरोबर केलंत हो. लहानपणी भिंतीवरून पडून मोडलेलं ते नाक, पुन्हा नीट म्हणून बसलंच नाही.

"तोंडच आठवत नाही गं त्याचं आता," असं म्हणून तिने गेले कित्येक दिवस लेकीचं डोकं खाल्लं होतं. आवाज आठवतो, चालणं आठवतं, तोंड तेवढं डोळ्यांपुढे येत नाही. एकदा हात फिरवू दे, मग काही मागणार नाही.

पुढे गाईड सांगत होता. किडकिडीत अंगाचा, घसा बसलेला, हातात मिटलेली पिवळी छत्री. या वाकड्या नाकाला हात लावला की काम होतंच म्हणे. परीक्षेची पोरं येतात, नोकरी शोधणारे येतात, लग्न जमत नसलेले तर पुन्हा पुन्हा येतात. लोक हसले. म्हातारीने लेकीला कोपराने ढोसलं. "बघ, नाकावरून ओळखतात त्याला."

लेकीने टाचा उंचावून पाहिलं. पाच चेहरे काळपट, जसेच्या तसे होते. एकच घासलेल्या पातेल्यासारखा चकाकत होता, आणि त्याला वाकडं काय नि सरळ काय, नाक म्हणून उरलंच नव्हतं.

"आई, गर्दी फार आहे. पुढच्या वेळी येऊ."

"पुढची वेळ कुठली आता माझी?" म्हातारी म्हणाली आणि रांगेबरोबर पुढे सरकली.

नंबर आला तसा लेकीने तिचा हात धरून भिंतीला टेकवला. बोटं कपाळावर फिरली, भुवयांवर थांबली. म्हातारी हसली. मग बोटं खाली आली ती सरळ ओठांपर्यंत घसरली. पुन्हा वर गेली, पुन्हा घसरली.

"हा नव्हे."

"आई, हाच आहे. दादाच आहे."

"अगं, मी न्हाऊमाखू घातलंय त्याला. मला सांगतेस? याला नाकच नाही."

लोकांचे हात लागून लागून झिजलंय, लेकीने सांगितलं. म्हातारीला ते काही केल्या पटेना. पितळ कधी हाताने झिजतं का, म्हणाली. मागे कुणीतरी घसा खाकरला. तिने तिकडे लक्षच दिलं नाही. भिंतीला धरून धरून ती एकेका चेहऱ्याशी थांबत गेली. एकाला मिशा होत्या, एकाच्या हनुवटीला खळी, एकाचे कान पुढे आलेले. शेवटच्यापर्यंत जाऊन ती उभी राहिली.

"सगळ्यांची पोरं आहेत इथे," ती म्हणाली. "आपलंच तेवढं नाही." आणि रडायला लागली.

लेकीच्या डोक्यात तिडीक गेली. ती तरातरा गाईडकडे गेली, तो माझा भाऊ आहे म्हणाली, आधी हे सगळं बंद करा. गाईडचा चेहरा पडला. छत्री या हातातून त्या हातात करत तो म्हणाला की मध्ये त्याने सांगायचं सोडून दिलं होतं, पण ते चकाकताना दिसतं आणि लोक आपोआप हात लावतात. साखळी बांधून पाहिली, तर तीही ओलांडायला लागले. तरी त्याने छत्री आडवी धरून रांग थांबवली. रांग थांबली. एका मुलीने छत्रीखालून वाकून हात लावलाच.

लेक बघत राहिली. कुणाकुणाचा हात धरणार होती ती?

गाईडने छत्री खाली घेतली, म्हातारीजवळ जाऊन वाकला.

"आजी, तुमचा दुरुस्तीला नेलाय. हा तात्पुरता बसवलाय."



म्हातारीने बाहीने डोळे पुसले. हिला मघापासून तेच सांगतेय, म्हणाली, ऐकेल तर शपथ. मग चाचपडत तिने गाईडचं मनगट धरलं.

"मग त्या दुरुस्तीवाल्यांना तेवढं सांगून ठेव रे बाळा. नाक वाकडंच होतं त्याचं. सरळ करतील उगाच."

सांगतो, गाईड म्हणाला. त्यांच्या मागे रांग पुन्हा सरकायला लागली होती.