लांडग्याचं अत्तर

प्राण्यांचा वेश घालणाऱ्यांचं वार्षिक संमेलन पिट्सबर्गच्या हॉटेलात भरलं होतं. वेशाची डोकी उतरवून दम खायच्या खोलीत ग्वेननं कोडीच्या लांडग्याचं डोकं हातात घेतलं आणि श्वास रोखला. हा वेश तिनंच शिवला होता. “शेवटचं धुतलंस कधी रे? वास घालवायला वेशावर फवार म्हणून दिलेली व्होडका प्यायलास वाटतं?” “अत्तर मारतो की रोज!” कोडी ऐटीत म्हणाला. “मिरवणुकीत पुढे मीच असतो. शेकडो जण मिठ्या मारतात. कुणी अजून नाक मुरडलं नाही.” “मुरडलेलं तुला दिसणार कसं, शहाण्या? त्यांचीही नाकं मुखवट्यातच!” तेवढ्यात सकाळी कोडीला कडकडून मिठी मारणारा पांडा आत आला. त्याचं ओलंचिंब डोकं काखेत होतं. लांडग्याजवळ येताच तो थबकला, त्यानं दोनदा हुंगलं. “म्हणजे तो वास तुझा होता?” तो खेकसला. “मी सकाळपासून माझंच डोकं धुवत बसलोय!”