आईसारखे सरळ केस

कात्री उघडली तशी एर्मेलिंदाने दोन्ही हातांनी केस घट्ट धरले.

"नको आत्या. एवढ्यात नको."

"एवढ्यात नको म्हणता म्हणता नाताळ आला की गं!" तेक्लाने तोंडातला विडा या गालातून त्या गालात सारला. "हात काढ. बोटं कापली गेली तर ती काही नारळाच्या दुधाने वाढायची नाहीत."

पायऱ्यांवरच्या बायका खळखळून हसल्या. माउमेरे गावाच्या त्या किनाऱ्यावर ऊन कलायला लागलं की बायका तेक्लाच्या पायऱ्यांवर येऊन बसतात, खालचीचं डोकं वरचीच्या मांडीशी. तेल, उवा, उखाळ्यापाखाळ्या, सगळं तिथेच.

एर्मेलिंदाचं डोकं हा तर तिथला रोजचाच विषय झाला होता. ईस्टरच्या सुमारास पोर कुणाला न विचारता पार्लरमध्ये गेली आणि आपले कुरळे केस सरळ करून आली. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हौसेला थोडं डोकं तरी असावं! औषध कडक पडलं. बघता बघता केसांचा काथ्या झाला आणि ते कंगव्याबरोबर तुटून यायला लागले. तेव्हापासून तेक्ला हात धुऊन त्यांच्या मागे लागली होती. कधी जंगली अक्रोडाचं तेल, कधी कोरफड, कधी नारळाचं दूध. आता मुळाशी चार बोटं नवे केस आले होते, काळेभोर, घट्ट वेटोळ्यांचे, जन्माला आली तेव्हा होते तसे. त्यांच्याखाली जुनं जळकं शेपूट सरळ लोंबत होतं. जळलेला केस काही पुन्हा वळत नाही. उलट त्याच्या ओढीने नवा केसही तुटत होता. जळकं कापलं तरच कुरळं वाचणार, हे एर्मेलिंदालाही कळत होतं. पण ती हात काढायला तयार नव्हती.

"कुणी मुलगा आहे का गं?" शेजारच्या बर्नादेताने डोळे मिचकावले. "सरळ केसांवर भाळलेला?"

"नाही."

"मग आपल्या बेटावरच्या केसांची लाज वाटते?" तेक्लाचा आवाज चढला. "माझ्या केसांची? तुझ्या बापाच्या केसांची? अगं, त्या माणसाने तुझ्याकडे बघायचं सोडलंय, कळतंय का तुला?"

ते खरं होतं. अंगणाच्या कडेला जाळं सांधत बसलेला ब्लासिअस आताही मान खाली घालूनच होता. त्याची बायको लास्त्री जावा बेटावरची. काढ्याच्या बाटल्या विकायला म्हणून इकडे आली आणि याच्या घरची होऊन राहिली. ती आजारात गेली तेव्हापासून तो अबोल झालाच होता. पण लेक सरळ केस घेऊन घरात आली त्या दिवसापासून जेवतानाही त्याची नजर ताटातून वर येईना. फार राग आलाय त्याला, असं सगळे म्हणत.

"बोल की! बाप समोर बसलाय. सांग त्याला, लाज वाटते म्हणून."

"लाज नाही वाटत!" एर्मेलिंदा एकदम ओरडली. "आईचे होते तसे केले मी!"

एर्मेलिंदा बापाकडे वळली.

"बाबा, ईस्टरच्या आधी बाजारात एक बाई दिसली होती तुम्हाला. पाठीवर लांब सरळ केस होते तिच्या. तुम्ही हातातली टोपली तिथेच ठेवलीत आणि तिच्या मागे मागे गेलात. ती वळली तेव्हा परत आलात. मी बघत होते." तिला हुंदका आवरेना. "मला वाटलं, घरातच कुणी तशी पाठमोरी दिसली तर तुम्हाला असं कुणाच्या मागे जावं लागणार नाही."

तेक्लाने कात्री मांडीवर ठेवली. विडा चघळायचंही ती विसरली.

ब्लासिअसने जाळं बाजूला सारलं. तो उठला आणि लेकीच्या खालच्या पायरीवर येऊन बसला. कितीतरी दिवसांनी त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"दिसायचीस," तो म्हणाला. "चुलीपाशी पाठमोरी उभी असायचीस आणि मला वाटायचं, लास्त्रीच आहे. मग तू वळायचीस. तेव्हा माझं तोंड जे उतरायचं, ते तुला दिसू नये म्हणून मी ताटात बघायचो. तुझ्यावर रागावलो नव्हतो गं."

"मग आत्याला सांगा ना, थोडे तरी राहू दे. हे कापले की आई घरातून जाईल."

ब्लासिअसने हात पुढे केला. जाळ्याच्या दोऱ्यांनी घट्टे पडलेली त्याची बोटं तिच्या केसांच्या मुळाशी आलेल्या वेटोळ्यांवरून हळूच फिरली.

"काप, तेक्ला," तो म्हणाला. एर्मेलिंदाने दचकून त्याच्याकडे पाहिलं.

"पोरी, स्वतःच्या केसांना एक रबर लावून तुझी आई मोकळी व्हायची," ब्लासिअस म्हणाला. "मला ती दिसते ती दातात पिना धरून, तुझ्या कुरळ्यांत बोटं अडकवून बसलेली."