मी हो म्हटल्याशिवाय

"मी हो म्हटल्याशिवाय इथे एकही विमान उतरत नाही," असं मी लग्नाआधी कॅनडातून पत्रात लिहिलं होतं. वत्सलेच्या वडिलांना वाटलं, मुलगा विमानतळाचा साहेब आहे. मी धावपट्टीवरचा बर्फ काढणारं यंत्र चालवायचो.

लग्नानंतर वर्षाने ती आली, त्या सकाळी एवढा बर्फ पडला की विमानतळ शोधायलाच आम्हाला नकाशा लागला. खोटं वाटेल, पण माझ्या मिशीला झुंबरं लटकली होती. तिचं विमान वर घिरट्या घालत होतं. ती उतरली की माझं बिंग फुटणार, हे मला ठाऊक होतं. पायलट रेडिओवर सारखा विचारायचा, "उतरू का?" मी पट्टी खरवडायचो, मग गाडी पळवून करकचून ब्रेक दाबायचो. गाडी घसरली की म्हणायचो, "थांब."

पाचव्यांदा चाकं जागच्या जागी थांबली. मी म्हटलं, "ये."

वत्सला शिडी उतरली आणि मला तेलकट डगल्यात बघून थबकली. मी मान खाली घातली. "अगं, मी साहेब नाही."

"पायलट म्हणाला, खालचा माणूस हो म्हणेपर्यंत उतरायचं नाही. मी म्हटलं, झालं, हे आमचेच!" ती हसली. "पण अर्धा तास वर टांगून ठेवलंत की हो मला."

"तू घसरू नयेस म्हणून."

"मग आता हात धरा," ती म्हणाली. "मी चपला घालून आलेय."